दत्ताराम ऐकत नाही

४ फेब्रुवारी १९८५, सोमवार

आज दत्तारामला घेऊन हँगरवर गेलो. संप झाल्यापासून गिरणीच्या बंद गेटकडे बघत बसलेला माझा धाकटा भाऊ अखेर कामाला लागला. टेम्पररी हेल्पर. सहा महिन्यांनी मेडिकल, मग कायम. आमच्या टायर शॉपचे इंजिनिअर विद्याधर समेळ यांच्या मागे वर्षभर लागलो तेव्हा कुठे हे जमलं. समेळ साहेब माणूस सज्जन, पण गिरणीवाला म्हटल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. संपवाले कोणाचं ऐकत नाहीत, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, माझा भाऊ आहे, माझं ऐकेल.

सकाळी त्याला सगळं फिरवून दाखवलं. मोटारीच्या टायरवर नक्षी असते, विमानाच्या टायरवर नुसत्या गोल फिरणाऱ्या खाचा. खाच बुजत आली की चाक उतरवायचं. झिजलेला टायर फेकायचा नाही, वरचं रबर काढून नवं चढवायचं. अंग जुनं, कातडी नवी. टायर रॅकवर उभे ठेवायचे, आडवे रचायचे नाहीत, उन्हात तर नाहीच. तेलाचा थेंब पडला तर लगेच साबणाने पुसायचा, तेल रबर खातं. आत साधी हवा भरायची नाही, नायट्रोजन भरायचा. आणि भरायचा तो चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून, दार लावून, कारण आतला दाब एवढा असतो की फुटलं तर माणूस उरत नाही.

दत्ताराम प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. शेवटी विचारलं, सांग बघू, नायट्रोजन का भरतात? म्हणाला, "होय."

नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. पण पहिला दिवस आहे. होईल.

१० फेब्रुवारी, रविवार

दत्ताराम आणि शेवंती जेवायला आली होती. असल्फ्याच्या आमच्या टेकडीवरून विमानं अगदी कौलांना घासून उतरतात. विमान आलं की इथला माणूस बोलता बोलता थांबतो, ते गेलं की तिथूनच पुढे बोलतो. सवयच आहे ती, कोणी मुद्दाम करत नाही. सुगंधाचं तर कालवणात मीठ टाकता टाकताही तोंड थांबतं.

दत्ताराम थांबत नाही. वर विमान गरजत होतं आणि हा आपला बोलतोय, बोलतोय. आम्ही दोघं नुसते त्याचे ओठ बघत राहिलो. विमान गेल्यावर विचारलं, काय म्हणालास? तर भाताकडे बघत गप्प. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, चौदा वर्षं काढलेला माणूस, सगळ्यांपेक्षा आपलंच म्हणणं वर राहिलं पाहिजे अशी खोड लागलेली दिसते.

शेवंतीलाही एक सवय आहे. आपण काही सांगितलं की ती त्याच्या गुडघ्यावर हात ठेवते आणि तेच त्याच्याकडे तोंड करून पुन्हा सांगते. जणू भावाने भावाशी बोलायला तिची परवानगी लागते. सुगंधाला म्हटलं, नवऱ्याला पदराला बांधून ठेवलंय तिने. सुगंधा म्हणाली, तुम्हाला काय करायचंय.

१९ फेब्रुवारी

मार्तंड फिटर आमच्या शॉपचा जुना माणूस. चाक फुगवलं की तो कान लावून फुसफूस ऐकतो, मग साबणाचं पाणी लावतो. आज त्याने दत्तारामला सांगितलं, कान लाव. दत्तारामने कान लावला नाही. ओल्या हाताची मागची बाजू टायरभोवती फिरवत बसला. गळती सापडली म्हणा, पण सांगितलेलं एक आणि करायचं दुसरंच. मार्तंड हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

७ मार्च, गुरुवार, धुळवड

काल होळीपाशी वाडीतल्या मंडळींनी भजन लावलं. आमचा दत्ताराम एके काळी पखवाजाला बसला की लालबागहून माणसं ऐकायला यायची. दोन वर्षं तो पखवाजाला शिवलेला नाही, बोटं दुखतात म्हणतो. काल मी सगळ्यांदेखत त्याला ओढून बसवलं. पहिल्या अभंगाला बरा होता. बुवा डोळे मिटून गायला लागल्यावर त्याचा ताल सुटला, आणि सुटला तो सापडेचना. बुवांनी डोळे उघडून त्याचा हात धरला.

तो उठून गेला. मी मागून हाका मारल्या. एकदाही वळला नाही. चारचौघांत मोठ्या भावाने हाक मारावी आणि माणसाने वळू नये, इतका कसला राग? मी संपात कधी गेलो नाही, माझी नोकरी राहिली, त्याची गेली, त्याचाच असेल. पण त्यात माझा काय गुन्हा? काल जेवण गेलं नाही.

२२ मार्च, पाडवा

समेळ साहेबांनी मेहेरबानी केली. सहा महिने वाट न बघता दत्तारामचं मेडिकल आत्ताच करून घेऊ म्हणाले, एक जागा रिकामी होतेय. एवढी गोड बातमी सणाच्या दिवशी सांगायला मी पेढे घेऊन गेलो, तर शेवंतीचं तोंड उतरलं आणि दत्ताराम म्हणाला, माझं पोट बिघडलंय, पुढच्या महिन्यात बघू. पोटाचा आणि कायम होण्याचा काय संबंध? दैव देतं आणि कर्म नेतं, म्हणतात ते हेच.

२ एप्रिल

मेडिकलची दुसरी तारीखही चुकवली. म्हणे गावाहून पाहुणा आला. पाहुणा मी तरी बघितला नाही.

साहेबांनी बोलावून विचारलं, तुझा भाऊ राहणार आहे की जाणार आहे? मी खाली मान घालून उभा. वीस वर्षांत त्या केबिनमध्ये असा कधी उभा राहिलो नव्हतो. बाहेर आल्यावर दत्तारामची चांगली कानउघाडणी केली. तो शांतपणे माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तेही मला आता सहन होत नाही. काही सांगायला लागलं की डोळ्यांत डोळे घालायचे नाहीत, तोंडाकडे एकटक बघायचं. नायट्रोजनच्या बाटलीची चावी हातात असते, मी पिंजऱ्यापाशी मीटरवर उभा असतो, आणि हा बाटलीच्या मीटरकडे न बघता माझ्या थोबाडाकडे बघतो. पोरं चेष्टा करतात. मार्तंड म्हणतो, तुमचा भाऊ तुमच्या मिशा मोजतो काय हो?

आज बजावलं. उद्यापासून माझ्या तोंडाकडे बघायचं नाही. बाटलीकडे तोंड, मीटरवर नजर. तो म्हणाला, "दादा, असा नको." मी म्हटलं, असंच. शॉप माझं आहे.

१० एप्रिल, बुधवार

 लिहितो, कारण बोलायला कोणी नाही.

दुपारी मोठ्या विमानाचं मागचं चाक होतं. पिंजऱ्यात ठेवलं, दार लावलं. दत्ताराम बाटलीपाशी, माझ्याकडे पाठ, नजर बाटलीच्या मीटरवर, मी सांगितलं होतं तस्सा. मी पिंजऱ्याच्या मीटरवर. बाटलीचा रेग्युलेटर अडकला असणार. त्याच्याकडचा काटा जागच्या जागी, माझ्याकडचा वर चढत चाललेला. मी ओरडलो, बंद कर. काटा लाल रेघेवर गेला. पुन्हा ओरडलो. पुन्हा. सगळं हँगर वळलं, तो वळला नाही. चावीवर हात तसाच.

मार्तंड धावला, बाटली बंद करायला. पिंजऱ्यावरूनच वाट होती. तो दारासमोर असताना टायर फुटला. दार बिजागऱ्यांसकट उडालं आणि मार्तंडच्या पायावर पडलं. त्याचा पाय कसा दिसत होता ते मी लिहिणार नाही.

टायर फुटला, पायाखालची जमीन हादरली, तेव्हा मात्र दत्ताराम गर्रकन वळला. म्हणजे कान शाबूत आहेत स्वारीचे. ऐकायचं नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी साहेबांनी रिपोर्ट मागितला. मी लिहून दिलं: मी तीनदा ओरडून बंद करायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. भाऊ म्हणून एक अक्षर कमी केलं नाही. त्याला गेटाबाहेर काढलं. जाताना काहीतरी म्हणत होता, मी तोंड फिरवलं.

१४ एप्रिल, रविवार

मार्तंडचा पाय गुडघ्याखाली कापला. बघायला गेलो. बायको दाराशी उभी होती, आत सोडते की नाही असं वाटलं. सोडलं. मार्तंड फक्त म्हणाला, त्याचं नाव माझ्यासमोर काढू नका.

१५ एप्रिल

शेवंती आली. सुगंधा पाण्याला गेली होती, तेवढ्यात. उंबऱ्याच्या आत आली नाही. म्हणाली, "भावजी, ह्येंका आयकाक येना नाय. गिरणीत असल्यापास्ना."

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी म्हटलं, ते माहीत आहे, सगळ्यांना माहीत आहे, तो कोणाचं ऐकत नाही. ती रडायला लागली. म्हणाली, तसं नव्हे हो. कानच गेलेत. साच्यांच्या खडखडाटात सगळेच तिथे हातवारे करून आणि ओठ बघून बोलायचे, त्यामुळे गिरणीत कोणाच्या लक्षात आलं नाही, ह्यांच्याही उशिरा आलं. संप झाला, गिरणी बंद पडली, सगळीकडे शांत झालं आणि मग कळलं की ह्यांना शांतच ऐकू येतंय. तोंड समोर असलं की सगळं समजतं. पाठ फिरली की नाही.

मी तिला ओरडलो. माझ्यावर विश्वास नव्हता का, सांगता येत नव्हतं का. ती म्हणाली, तुम्ही साहेबांना सांगितलं असतं. आणि ते खरं आहे. मी सांगितलं असतं. मी बहिऱ्या माणसाला नायट्रोजनच्या बाटलीपाशी उभा केला नसता. भाऊ असला तरी.

संध्याकाळी त्यांच्या खोलीवर गेलो. दत्ताराम दाराकडे पाठ करून छत्रीची काडी बसवत होता. मी दारातच थांबलो. म्हटलं, दत्तू. मग मोठ्याने, दत्तू. मग आई हाक मारायची तशी, पूर्ण गळा काढून. शेजारची बाई डोकावली. तो काडीला दोरा गुंडाळत होता, एक एक वेढा नीट घट्ट करत. मी उभा राहून ते वेढे बघत होतो. "असा नको" म्हणाला होता तो. माझ्या तोंडाकडे बघत होता म्हणून मार्तंडला दोन पाय होते. ते बघणं मी बंद करवलं.

तो वळला तो माझी सावली भिंतीवर पडली म्हणून.

१६ एप्रिल

सकाळी ठरवलं होतं, समेळ साहेबांकडे जायचं आणि सगळं सांगायचं. हेही लिहून ठेवतो की रात्रभर मला स्वतःचीही भीती वाटली. बहिरा माणूस आणला कोणी? मी. पाठ फिरवायला लावली कोणी? मी. माझीही नोकरी जाईल. तरी जाणार होतो.

दत्ताराम बसस्टॉपवर उभा होता, माझी वाट बघत. त्याला कसं कळलं कोण जाणे. माझ्या समोर येऊन माझे दोन्ही खांदे धरले, म्हणजे माझं तोंड त्याला नीट दिसेल. म्हणाला, "दादा, माका बहिरो म्हणान काढल्यानी तर खंयच कोण घेवचो नाय. माजोरडो म्हणान काढल्यानी तर उद्या कोणतरी घेतलोच. तू सांग, मी मुद्दाम आयकूक नाय."

मी म्हटलं, आणि मार्तंड? त्याने जन्मभर तुला शिव्या द्यायच्या?

"देऊ दे. माका आयकाक येना नाय," म्हणाला, आणि हसला. मला त्या हसण्याचा इतका राग आला की बस आली तरी मी चढलो नाही.

साहेबांकडे गेलो नाही. दिवसभर रॅकवरचे टायर फिरवत बसलो. एकाच जागेवर फार दिवस उभा राहिला तर टायर तिथे दबतो, म्हणून मधूनमधून थोडा फिरवायचा असतो. मागच्या आठवड्यातच फिरवले होते. तरी फिरवले.

२९ एप्रिल, सोमवार

चौकशी झाली. पर्सोनेलचे साहेब मद्रासकडचे, मराठी येत नाही, म्हणून समेळ साहेब मधे बसून सांगत होते. टेबलाच्या पलीकडे दत्ताराम. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सगळा वेळ ज्याचं तोंड हलेल त्याच्याकडे त्याची मान फिरत होती. आता मला ते दिसत होतं. इतके दिवस कसं दिसलं नाही? दुसऱ्या कोणालाच कसं दिसत नव्हतं? त्यांना वाटत असेल, किती उर्मटपणे बघतोय.

माझा रिपोर्ट वाचला. पर्सोनेलचे साहेब एका जागी अडले आणि समेळ साहेबांशी इंग्रजीत काहीतरी बोलले. समेळ साहेब माझ्याकडे वळले. म्हणाले, "जयवंत, साहेब विचारतायत, ऐकलं नाही म्हणजे त्याला ऐकू आलं नाही, की त्याला ऐकायचं नव्हतं? इंग्रजीत हे दोन वेगळे शब्द आहेत. कुठला लिहू?"

मराठीत ‘ऐकलं नाही’ दोन्हींना चालतं, आणि मी तीन महिने ते एका अर्थाने लिहीत होतो आणि खरं दुसऱ्या अर्थाने होतं. मला तेवढाच शब्द परत म्हणून सुटायचं होतं. ऐकलं नाही, साहेब, ऐकलं नाही. पण ते थांबले होते, टायपिस्टची बोटं वर थांबली होती, आणि दत्ताराम माझ्या तोंडाकडे बघत होता.

"मुद्दाम," मी म्हणालो. "मुद्दाम ऐकलं नाही."

दत्तारामने ते ओठांवरून वाचलं. खाली बघितलं. त्याचे खांदे सैल पडलेले मला दिसले, ओझं उतरल्यासारखे. टायपिस्टने लिहिलं. समेळ साहेब माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, भाऊ असून खरं बोललास, तुझ्यासारखी माणसं आता राहिली नाहीत. 

त्याला काढलं. मला ताकीदही नाही.

५ मे

सुगंधा वाडीत सांगते, धाकट्याने माज केला, लोकाचा पाय घालवला. मी गप्प बसतो. तिला सांगितलं तर ती शेजारच्या रतनला सांगेल, रतन नळावर सांगेल. शेवंती आता आमच्या नळावर येत नाही, लांब खालच्या नळावर जाते. आपण मारायचं आणि रडूही द्यायचं नाही, असं मी त्या दोघांचं केलंय.

२२ मे

दत्ताराम रोज काम शोधत फिरतो. साकीनाका, मरोळ, पार देवनारपर्यंत चालत जाऊन आला. माजोरडा म्हणून काढलं तर कोणीतरी घेईल, असा त्याचा हिशेब होता. कोणी घेत नाही. गिरणीवाला, त्यात संपवाला, त्यात वरिष्ठांची आज्ञा मोडून माणूस लंगडा केलेला. जिथे जातो तिथे त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली असते. बहिऱ्याची निदान कोणाला दया आली असती. मी ते त्याला म्हणालो नाही. त्याला कळलं असावं, कारण तो माझ्या तोंडाकडे बघत होता आणि मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो.

शेवंती दोन घरची भांडी घासते.

२ जून, रविवार

साकीनाक्याला काशीरामचा ट्रकच्या टायरवर नवं रबर चढवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. आज तो घरी आला. त्याला टायरचं काम येणारा माणूस हवाय, दत्ताराम त्याच्याकडे जाऊन आला होता. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, मग मुद्द्यावर आला. पोरगा मेहनती दिसतो, म्हणाला, पण लोक काय काय बोलतात. तुम्ही त्याच्याविरुद्ध साक्ष दिलीत, म्हणजे तुम्ही खोटं बोलणार नाही. सरळ सांगा.

"ऐकतो ना तो?"

ट्रकच्या चाकाला एक लोखंडी कडी असते. हवा भरताना ती नीट बसलेली नसली तर सुटते आणि समोरच्याचं डोकं घेऊन जाते. काशीरामकडे पिंजरा नाही. कोणाकडेच नसतो. तिथे पिंजरा म्हणजे मागून कोणीतरी वेळेवर ओरडणं, एवढंच.

मी हे सगळं जाणतो. माझा उभा जन्म ह्यात गेला आहे. आत सुगंधाचा स्टोव्ह फरफरत होता आणि काशीराम कपातला शेवटचा घोट फिरवत माझी वाट बघत होता. खरं सांगितलं असतं तर दत्तारामची चूल कायमची विझली असती. तेवढं एक मनात आलं आणि बाकीचं मी येऊच दिलं नाही.

"ऐकतो," मी म्हणालो.

"बस. मग उद्यापासून पाठवा."

मी लगेच त्यांच्या खोलीवर गेलो. दत्तारामच्या समोर बसलो, उजेडाकडे तोंड केलं आणि सावकाश सांगितलं. एकदाच सांगावं लागलं. त्याने माझ्या पायांना हात लावला. शेवंतीने डबा खरवडून माझ्या हातावर साखर ठेवली, आणि दोघं माझ्याकडे बघत होती म्हणून मी ती खाल्ली.